गिरणीतले देव

घर बदलताना सगळं सामान टेम्पोत जातं, देव जात नाहीत. कपाटं, गाद्या, भांड्यांची पोती, पुस्तकांचे खोके निघाले की घरातली मोठी बाई रिकाम्या खोलीत देव्हाऱ्यापुढे बसते. टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख एकेक उचलते, धुतल्या वस्त्रात बांधते आणि ती पुरचुंडी मांडीवर घेऊन गाडीत बसते. माझं आजोळ धारचं. पवारांच्या दौलतीबरोबर माळव्यात जाऊन तिथलीच झालेली जी मराठी घरं, त्यांतलं एक. आजीनं आयुष्यात तीन घरं बदलली आणि तिन्ही वेळा टाकांची पुरचुंडी तिच्याच मांडीवर होती. घरात त्याहून किमती आणि त्याहून देखण्या वस्तू होत्या. त्या सामानातून गेल्या. ज्या वस्तूवरून घर स्वतःला ओळखतं, तेवढी मांडीवर बसली.

हे एका घराचं झालं. सबंध गावालाच घर बदलावं लागतं तेव्हा मांडीवर काय घ्यायचं? आणि मांडी कुणाची?

हा प्रश्न मला निसरपूरनं घातला. धारहून विंध्याचा घाट उतरलं की माळवा संपतो आणि निमाड लागतो. हवा तापते, शेतात कापूस दिसू लागतो, बोली माळवीतून निमाडीत शिरते. कुक्षी तहसिलीतलं निसरपूर हे उरी-बाघणीच्या काठचं, बाजारपेठेचं गाव. भोवतालच्या भिल्ल-भिलाला पाड्यांतली माणसं हाटाला इथे यायची. नर्मदा इथून जवळ, आणि तिच्यावर खाली गुजरातेत उभं राहिलेलं सरदार सरोवर. पंडित नेहरूंनी १९६१ साली पायाभरणी केलेल्या या धरणाच्या बुडीत क्षेत्रात तीन राज्यांतली २४५ गावं धरली गेली. त्यांत १९३ मध्य प्रदेशातली, १९ गुजरातेतली आणि ३३ आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला भरलं आणि मागे साचत आलेलं पाणी निसरपूरच्या बाजारात, घरांत, देवळांत शिरलं. आज जुन्या गावाकडे निघालं की रस्ता सरळ पाण्यात उतरतो. तो वळत नाही, संपतही नाही. पाण्याखाली तो अजून गावाकडेच जातो आहे असं वाटत राहतं.

पलीकडच्या तीरावर, बडवाणीजवळच्या राजघाटावर गांधीजींच्या अस्थींची समाधी होती. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्याही अस्थी तिथे होत्या. पाणी येणार म्हणून जुलै २०१७ मध्ये प्रशासनानं यंत्रं लावून ती खोदली आणि कलश दुसरीकडे नेले. लोक संतापले. समाधी पाण्यात जाणार हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. हलवण्याची रीत त्यांना सोसली नाही. मांडीवर घेऊन जायची गोष्ट यंत्राच्या पंजात गेली होती.

कुणी म्हणेल, नर्मदेतच तर गेलं सगळं. आपण मूर्ती नदीतच सोडतो, खंडित झालेले देव नदीलाच देतो, मग दुःख कसलं? पण विसर्जन आणि बुडणं यांत मोठं अंतर आहे. विसर्जन आपल्या हातानं होतं, पूजा पुरी झाल्यावर होतं आणि ‘पुनरागमनाय च’ म्हणून होतं. बुडण्यात यांतलं काहीच नसतं. ज्या गावाला आपल्या वस्तूंचा निरोप घेता आला नाही, त्या गावाचं काहीतरी कायमचं अर्धवट राहतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ मांडतो. निमाडला स्वतःचं प्रादेशिक संग्रहालय हवं. ते निमाडातच हवं, बुडालेल्या गावांच्या हाकेच्या अंतरावर. आणि ते कापसाच्या एखाद्या बंद जिनिंगमध्ये असावं. धारला संग्रहालय आहे, मांडवच्या छप्पन महालातही आहे. पण दोन्ही वर, विंध्याच्या माथ्यावर, माळव्याच्या राजांची आठवण सांगत उभी आहेत. खालच्या खोऱ्याला आपलं म्हणावं असं घर हवं आहे. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. संग्रहालय म्हणजे पुनर्वसन नव्हे. ज्याला जमीन मिळायची त्याला ती मिळालीच पाहिजे. काचेच्या कपाटानं ते देणं फिटत नाही. पण जमिनीचा मोबदला चुकता झाला तरी एक देणं उरतंच. पंचनाम्यात घर मोजलं जातं, विहीर मोजली जाते, झाडं मोजली जातात. गाव ज्यांवरून स्वतःला ओळखत होतं त्या गोष्टींना पंचनाम्यात रकाना नसतो.

जिनिंगच्या कारखान्यात देव ठेवायचे ही कल्पना विचित्र वाटेल. ती प्रत्यक्षात आलेलं एक गाव उत्तर ग्रीसमध्ये आहे. त्याचं नाव वेरिया. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मार्कोस नावाच्या मालकाची पिठाची गिरणी उभी राहिली. पुढे ती बंद पडली, पडीक झाली. मग तिची डागडुजी करून २००२ मध्ये तिथे बायझंटाईन कलेचं संग्रहालय उघडलं. जिथे धान्याची पोती चढत-उतरत होती त्या तीन मजल्यांवर आज लाकडी फळ्यांवर रंगवलेले संत, पडक्या चर्चच्या भिंतींवरून उतरवलेली चित्रं, कोरीव दगड, पोथ्या, नाणी आणि मातीची भांडी आहेत.

बायझंटाईन म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. इ.स. ३३० मध्ये सम्राट कॉन्स्टँटाईननं बॉस्फोरसच्या काठी रोमन साम्राज्याची नवी राजधानी केली आणि १४५३ मध्ये ती उस्मानी तुर्कांनी जिंकली. मधल्या अकराशे वर्षांतल्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती संस्कृतीला हे नाव पडलं. तिची कला म्हणजे सोनेरी पार्श्वभूमी, मोठे डोळे, थेट आपल्याकडे पाहणारे चेहरे. ती दिवाणखान्यासाठी नव्हती. तिच्यापुढे दिवा लागे, तिला ओठ लागत, मिरवणुकीत ती खांद्यावर निघे. चित्राची पूजा करावी की करू नये यावर त्या साम्राज्यात आठव्या-नवव्या शतकांत शंभराहून अधिक वर्षं कडाक्याचा झगडा झाला. ७८७ साली निकियाच्या धर्मपरिषदेनं निर्वाळा दिला की चित्राला दिलेला मान चित्रात ज्याचं रूप आहे त्याला पोचतो. आणि ८४३ मध्ये चित्रं कायमची परत आली. सगुण-निर्गुणाचा वाद ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला यात परकं काही वाटू नये. इतिहासही अगदीच परका नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषिक प्रवाशानं हिंदुस्थानातल्या बंदरांविषयी लिहिताना कल्याणचा आणि तिथल्या ख्रिस्ती बिशपचा उल्लेख केला आहे. त्याच्याही पूर्वीपासून नर्मदेच्या मुखावरचं भडोच रोमच्या व्यापाऱ्यांना तोंडपाठ होतं.

वेरियाच्या बाबतीत मला महत्त्वाची वाटते ती जागेची निवड. गिरणी किरियोतिस्सा नावाच्या जुन्या मोहल्ल्यात आहे. आजूबाजूला अरुंद गल्ल्या आणि घरांच्या आड लपलेली लहान लहान चर्च. त्याच गावातल्या एका चर्चमध्ये जॉर्जिओस कालिएर्गिस या चित्रकारानं १३१५ च्या सुमारास रंगवलेल्या भिंती अजून जागेवर आहेत. ग्रीसकडे अथेन्सला आणि थेसालोनिकीला मोठी बायझंटाईन संग्रहालयं होतीच. थेसालोनिकी वेरियाहून तासाभराच्या वाटेवर. तरीही वेरियाच्या वस्तू वेरियात ठेवल्या, कारण त्या ज्या भिंतींवरून आल्या त्या भिंती तिथून चालत जाण्याइतक्या जवळ आहेत. म्हातारी बाई संग्रहालयात येऊन आपल्या मोहल्ल्यातला संत ओळखू शकते. ‘प्रादेशिक’ या शब्दाचा अर्थ माझ्या लेखी एवढाच आहे: वस्तू जिथे आहे तिथे तिला ओळखणारी माणसं येऊ शकली पाहिजेत.

त्याच परिसरात, वेर्मिओ डोंगरावर कस्तान्या नावाचं ठिकाण आहे आणि तिथे माझ्या युक्तिवादाचा कणा आहे. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्थान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल ठरली. सुमारे बारा लाख ख्रिस्ती ग्रीसकडे आले, साडेतीन-चार लाख मुसलमान ग्रीस सोडून तुर्कस्थानात गेले. दोन्हीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्यांची घरं मागे टाकून निघाली. काळ्या समुद्राकाठच्या त्रेबिझोंदजवळ सुमेलाचा प्राचीन मठ होता आणि तिथे मेरीमातेची अतिशय मान्यतेची प्रतिमा होती. मठ सोडताना भिक्षूंनी ती जमिनीत पुरून ठेवली. दोन्ही देशांच्या सरकारांत बोलणी झाल्यावर १९३१ साली एका भिक्षूनं तिथे जाऊन ती बाहेर काढली आणि ती अथेन्सच्या बायझंटाईन संग्रहालयात आली. वीस वर्षं ती तिथे सुरक्षित होती. पण काळ्या समुद्राकडून आलेले निर्वासित उत्तरेकडे वसले होते आणि त्यांना ती हवी होती. १९५१ मध्ये कस्तान्याला नवा मठ उभारून प्रतिमा तिथे नेली. आजही ऑगस्टच्या १५ तारखेला तिथे मोठी यात्रा भरते.

या हकिकतीत संग्रहालयाची जी भूमिका आहे, तिच्याहून चांगली मला सांगता येणार नाही. आईला बरं नसताना शेजारीण तिचं मूल सांभाळते, तसं अथेन्सनं ते चित्र सांभाळलं आणि हक्कदार उभे राहिले तेव्हा परत दिलं. संग्रहालय ही वस्तूची मालकीण नसते, राखण करणारी असते. ज्या संग्रहालयाला हे कळलं ते मांडीसारखं वागतं.

आता निमाडकडे परत येऊ. निसरपूरच्या वरच्या अंगाला, बाघणीच्या काठी, बाघची लेणी आहेत. वालुकाश्माच्या डोंगरात नऊ बौद्ध लेणी. त्यांतली चित्रं अजिंठ्याच्या कुळातली. नर्तक-वादकांचा फेर, हत्ती-घोड्यांची मिरवणूक, शोकात बसलेल्या स्त्रिया. ती रंगवली जाऊन फार दिवस झाले नव्हते, तोच इटलीतल्या रॅव्हेन्नात सान व्हिताले चर्चच्या भिंतीवर सम्राट जस्टिनियनची मिरवणूक रंगीत काचांच्या तुकड्यांतून घडत होती. ते चर्च ५४७ साली पवित्र केलं गेलं. रॅव्हेन्नाची भिंत आजही झळाळते. बाघचा दगड भुसभुशीत, छतांतून पाणी झिरपणारा. त्यानं चित्रांना दगा दिला.

बाघ तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होतं. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांनी या लेण्यांसाठी फार कष्ट घेतले. १९२१ मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर यांनी इथे राहून चित्रांच्या नकला केल्या. १९२७ साली लंडनच्या इंडिया सोसायटीनं लेण्यांवर ग्रंथ काढला, त्यात गर्द्यांचंही लेखन आहे. एवढं होऊनही ऱ्हास थांबला नाही. अखेर १९८२ मध्ये उरलीसुरली चित्रं भिंतींवरून उतरवून ग्वाल्हेरच्या गुजरी महालात, गर्द्यांनीच उभ्या केलेल्या संग्रहालयात नेली. ती नेली नसती तर आज काही उरलं नसतं. ज्यांनी नेली त्यांचे उपकार मानले पाहिजेत. पण ग्वाल्हेर बाघपासून सहाशे किलोमीटरहून लांब आहे. बाघच्या शाळेतल्या मुलाला आपल्या गावचं चित्र पाहायचं तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. चित्र वाचलं, पण आपल्या माणसांना पारखं झालं. १९८२ मध्ये दुसरा पर्याय नसेलही. तो आजही नसावा, हे मला पटत नाही.

ग्वाल्हेरला बोल लावताना मराठी माणसानं पुण्याकडेही पाहावं. हसमुख धीरजलाल सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजनं १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५७ ते ५९ मध्ये महेश्वर आणि समोरच्या तीरावरचं नावडातोली इथे उत्खनन केलं. शांताराम भालचंद्र देव त्यांच्या सोबत होते. साडेतीन हजार वर्षांपूर्वी नर्मदाकाठी गहू, मसूर पिकवणाऱ्या, लाल भांड्यांवर काळ्या रंगात चित्रं काढणाऱ्या शेतकऱ्यांचं गाव त्यांनी जगापुढे आणलं. त्या भांड्यांत एक प्रकार जोर्व्याचा होता, म्हणजे आपल्या संगमनेरजवळच्या गावाच्या नावानं ओळखला जाणारा. प्रवरेचा आणि नर्मदेचा शेजार इतका जुना. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात नावडातोलीची भांडी पाहताना माझी छाती अभिमानानं भरून आली होती. नंतर लक्षात आलं की मी ती पुण्यात पाहतो आहे. विद्वानांनी ती अभ्यासासाठी आणली आणि अभ्यास उत्तम झाला. पण अभ्यास संपल्यावर वस्तूनं घरी जायचं असतं, हा विचार आपल्याकडे रुजलाच नाही.

यावर तीन आक्षेप येतात. तिन्ही गंभीर आहेत.

पहिला श्रद्धेचा. देव काचेत ठेवायचे का? ज्या देवाची पूजा चालू आहे तो संग्रहालयात ठेवू नये, हे मला मान्य आहे. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ सरदार सरोवरात बुडालं आणि गोऱ्याजवळ नवं उभं राहिलं. देवाची जागा तिथे, भक्तांत. पण एका गावाची माणसं निरनिराळ्या वसाहतींत पांगतात तेव्हा अनेक गोष्टी कुणाच्याच राहत नाहीत. वेशीवरचा दगड, वीरगळ, सतीचा हात, पाराखालचे शेंदूर लावलेले तांदळे, झिजलेली कमान, जुन्या घराची कोरीव चौकट. अमुक वसाहतीत न्यावं तर तमुक वसाहत रुसते. अशा वस्तूंना सगळ्यांचं असं एक घर हवं. आणि तिथे फूल वाहायला कुणी आलं तर रखवालदारानं त्याला हटकू नये. निकियाच्या परिषदेनं जे साडेबाराशे वर्षांपूर्वी ओळखलं ते आपल्या संग्रहालयांना ओळखायला हरकत नाही: पाहणं आणि नमस्कार करणं या एकाच माणसाच्या दोन कृती आहेत.

दुसरा आक्षेप कुवतीचा. लहान गावाला संग्रहालय झेपत नाही, वस्तू चोरीला जातात, वाळवी लागते, राजधानीतच त्या सुरक्षित. या आक्षेपाला महाराष्ट्रानंच उत्तर दिलं आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून आयुष्यभर वस्तू वेचल्या, आणि रोमशी चाललेल्या व्यापाराचा पुरावा आज त्याच गावात, त्यांच्या नावाच्या संग्रहालयात पाहायला मिळतो. औंधसारख्या चिमुकल्या संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली डोंगरावर संग्रहालय बांधलं. राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प तिथे आहे. धरणाचंच उदाहरण हवं असेल तर आंध्रातलं नागार्जुनकोंडा पाहावं. नागार्जुनसागराचं पाणी चढण्याआधी १९५४ ते १९६० अशी सहा वर्षं तिथे उत्खनन केलं आणि पाण्यातून वर राहिलेल्या डोंगरमाथ्यावरच संग्रहालय बांधलं. म्हणजे स्वतंत्र भारतानं हे एकदा, फार गरीब असताना, करून दाखवलं आहे. सरदार सरोवराच्या धरणाखाली, नर्मदेच्या पात्रात १८२ मीटर उंचीचा पुतळा उभारण्याइतका पैसा आणि कर्तबगारी आपल्यापाशी आता आहे. त्याच सरोवराच्या वरच्या टोकाला एक जिनिंग दुरुस्त करणं आपल्याला जड नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत धारदार, आणि तो चळवळीतल्या माणसांचा आहे. संग्रहालय म्हणजे बुडालेल्यांच्या छातीवर वाहिलेलं फूल. एकदा ते वाहिलं की ज्यांनी बुडवलं ते मोकळे. ही भीती खरी आहे. म्हणूनच त्या संग्रहालयात लढा असलाच पाहिजे. १९७९ मध्ये नर्मदा जल विवाद न्यायाधिकरणानं जमिनीच्या बदल्यात जमीन हे तत्त्व घालून दिलं. मेधा पाटकरांच्या नेतृत्वाखालचं नर्मदा बचाओ आंदोलन झालं. जागतिक बँकेनं नेमलेल्या मोर्स आयोगाचा अहवाल १९९२ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी बँक बाजूला झाली. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बांधकामाला वाट मोकळी केली, आणि २०१७ मध्ये जमीन न मिळालेल्या कुटुंबांसाठी ६० लाख रुपयांचा आदेश दिला. हे सगळं कागदांसकट भिंतीवर हवं. त्याच भिंतीवर कच्छ आणि सौराष्ट्रात पोचलेलं पाणीही हवं, कारण तिथल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला हेही खरं आहे. कुणाचं काय गेलं आणि कुणाला काय मिळालं, हे एका छताखाली दाखवणारी जागा आपल्या देशात एकाही धरणाला नसावी, ही मोठी उणीव आहे. उजनीत पळसदेवाचं देऊळ उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं तेव्हा आपण सहलीला जातो, फोटो काढतो. गाव कुणाचं होतं, हे सांगणारं तिथे कोण भेटतं? १९२१ साली सेनापती बापट मुळशीच्या शेतकऱ्यांबरोबर सत्याग्रहाला उभे राहिले. धरणाकडे फिरायला जाणाऱ्या किती पुणेकरांना ते ठाऊक आहे?

मग जिनिंगच का? नवी इमारत का नको? एक कारण व्यवहाराचं. कारखान्याची जमीन यंत्रांचं आणि गासड्यांचं वजन पेलायला केलेली असते, तिथे दगडी शिल्पं निर्धास्त ठेवता येतात. आत खांबांची गर्दी नसते, उंची भरपूर असते. अडचणीही आहेत. निमाडचा मे ४५ अंशांच्या आसपास तापतो, आणि पत्र्याखाली रंग टिकत नाहीत. छत दुहेरी करावं लागेल, भिंतींना चुन्याचा गिलावा द्यावा लागेल, सावलीची झाडं लावावी लागतील. हे काम अवघड नाही, फक्त चिकाटीचं आहे.

खरं कारण व्यवहारापलीकडचं. देवळाच्या किंवा राजवाड्याच्या इमारतीत संग्रहालय केलं की वस्तू आपोआप राजाच्या किंवा पुजाऱ्याच्या होतात. गुजरी महालात मांडलेलं भिक्षूंचं चित्र राणीच्या महालाचं वैभव होऊन बसतं. जिनिंग कुणाचं होतं? मालक सेठ होता खरा. पण तिथे पाटीदार शेतकऱ्याचा कापूस आला, भिलाला गाडीवानानं तो आणला, सरकीच्या धुळीत बायकांनी दिवस काढले. खोऱ्यातली झाडून सगळी माणसं ज्या एका छताखाली येऊन गेली ते हे छत. देवळाच्या गाभाऱ्यात ज्यांना जाता येत नव्हतं तेही इथे आत होते. रोममध्ये १९९७ साली एका जुन्या वीजघरात, माँतेमार्तिनीत, प्राचीन संगमरवरी पुतळे काळ्या यंत्रांच्या शेजारी मांडले. तिथे यंत्रं काढून टाकली नाहीत, आणि म्हणून व्हीनसच्या बाजूला कामगाराचे हातही आठवतात. मुंबईत आपण नेमकं उलट केलं. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव हळूहळू विझलं, गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं काम महापालिकेनं हाती घेतलं, ते फार उशिरा सुचलेलं चांगलं काम आहे. निमाडनं इतका उशीर करू नये. निमाडचा जिन दुरुस्त करताना चरक्या, पट्टे, वजनकाटा जागेवर ठेवावेत, आणि गाभाऱ्यातल्या दगडाला जो मान मिळेल तोच त्यांनाही मिळावा.

आत काय असावं, याची यादी खोऱ्यातल्या माणसांनी करायची आहे. तरी मला दिसतं ते सांगतो. बाघची चित्रं कायमची शक्य नसतील तर पाळीपाळीनं यावीत. नावडातोलीची काही भांडी पुण्यानं आपण होऊन परत द्यावीत. बाघच्या खत्री कारागिरांचे झिजलेले लाकडी ठसे असावेत, आणि कापड धुवायला वाहती नदीच का लागते हे त्यांनीच सांगावं; वाहतं पाणी आणि साचलेलं पाणी यांतला फरक त्यांच्याइतका कुणाला कळणार? केवटांची डोंगी असावी. भगोऱ्यात घुमणारा मांदळ असावा, आणि तो काचेत नसावा. व्यापाऱ्यांच्या लाल वह्या असाव्यात. आवाज असावेत: नंदिनी ओझा यांनी नर्मदेच्या लढ्यातल्या माणसांच्या कहाण्या त्यांच्याच तोंडून नोंदवून ठेवल्या आहेत. शेजारच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात, तेजगढला, गणेश देवींच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या आदिवासी अकादमीनं आदिवासींच्या वस्तू आणि वाणी त्यांच्याच भूमीत राखायचा वस्तुपाठ घालून दिला आहे. आणि एका भिंतीवर, जमिनीपासून योग्य उंचीवर, १३८.६८ ची रेघ असावी. मुलांनी तिच्याजवळ उभं राहून पाहावं की पाणी आपल्या घराच्या कितव्या पायरीवर आलं होतं.

शेवटी एक गोष्ट दाराची. जिनिंगचं फाटक रुंद असतं, कारण कापसानं शिगोशीग भरलेली बैलगाडी अंग न घासता आत यायला हवी. दुरुस्ती करणारे अभियंते सुरक्षेच्या नावाखाली ते अरुंद करू पाहतील, तिकिटाची खिडकी आणि फिरतं कुंपण बसवू पाहतील. त्यांना ते करू देऊ नये. सुमेलाची माता वीस वर्षांनी अथेन्सच्या संग्रहालयाबाहेर पडली, ती आपल्या माणसांकडे जायला. निसरपूरची वसाहतींत पांगलेली माणसंही एखाद्या वर्षी ठरवतील की आपल्या वेशीवरचा दगड सणापुरता गावात न्यायचा, पाण्याकाठी मांडायचा, नारळ फोडायचा आणि संध्याकाळी परत आणून ठेवायचा. त्या दिवशी फाटकातून पालखी निघाली पाहिजे, दोन्ही बाजूंना माणसं धरून, कुणाचाही खांदा न घासता.